लेडी स्टेनोचा पगार

आमच्या बालपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, वसईच्या गावांतून भल्या पहाटे स्टेशनाकडे निघालेल्या मुली हे नित्याचे दृश्य होते. मॅट्रिक झाले की शॉर्टहँड-टायपिंगचा वर्ग, परीक्षेचे प्रमाणपत्र, धर्मगुरूंचे शिफारसपत्र आणि मग फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटमधील एखाद्या कचेरीतील खुर्ची, असा तो ठरून गेलेला मार्ग. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींत 'लेडी स्टेनो पाहिजे' असे असे. नोकरी मिळवून देणाऱ्या या शब्दांतील 'लेडी' हा शब्दच पगार कापणाराही असू शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नसे.

ते ध्यानात आणून दिले ऑड्री डिकॉस्टा यांनी. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतील नामांकित कंपनीत त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' होत्या. सांगितलेला मजकूर लघुलिपीत टिपून घ्यायचा, टंकलिखित करायचा, शिवाय साहेबांच्या भेटीस येणाऱ्यांचीही वास्तपुस्त घ्यायची. पुरुष लघुलेखकांचे काम तेच होते, पगार मात्र अधिक. १३ जून १९७७ रोजी त्यांची नोकरी संपली. त्यानंतर त्यांनी समान वेतन कायद्याखाली तक्रार गुदरली.

हा कायदा तेव्हा अगदी नवा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा समान वेतनाचा करार १९५१ चा; भारताने तो १९५८ साली स्वीकारला. आपल्या राज्यघटनेतही समान कामाला समान वेतन हे तत्त्व आरंभापासून आहे. तरीही प्रत्यक्ष अध्यादेश निघायला १९७५ चा सप्टेंबर उजाडला, आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला.

कंपनीचे म्हणणे काय होते, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. एक तर, हा पगार कामगार संघटनेशी झालेल्या करारानेच ठरलेला आहे. दुसरे, साहेबांच्या खास लघुलेखक म्हणून आम्ही पुरुष नेमतच नाही. तेव्हा तुलना कोणाशी करणार? आणि तिसरे, कंपनीची आर्थिक स्थिती वाढीव पगार देण्यासारखी नाही. यांतील पहिला मुद्दा आम्हांला सर्वांत बोचतो. ज्या संघटनेने स्त्रियांच्या बाजूने उभे राहायचे, तिचीच सही त्या तफावतीखाली होती. दुसरा मुद्दा मात्र चतुराईचा. आधी एका खोलीत फक्त स्त्रिया बसवायच्या आणि मग म्हणायचे, की या खोलीत भेदभाव नाहीच!

पहिल्या अधिकाऱ्याने दोघांचे काम सारखे आहे हे मान्य केले, पण तक्रार फेटाळली. ३१ मे १९८२ रोजी अपिलात निकाल फिरला आणि फरकाची रक्कम देण्याचा आदेश झाला: ७,१९६ रुपये ६७ पैसे. सुमारे वीस महिन्यांचा हिशेब, म्हणजे महिन्याला साडेतीनशेहून अधिक रुपये. त्या काळच्या एका घराचा वाणसामान-दुधाचा खर्च यात सहज भागला असता. कंपनी उच्च न्यायालयात गेली, हरली, आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ रोजी तिथेही निकाल डिकॉस्टाबाईंच्याच बाजूने लागला. न्यायालयाने सांगितले, की कायद्यापुढे करार टिकत नाही. पुरुष त्या जागेवर नेमले नाहीत म्हणून कामाचे स्वरूप बदलत नाही. आणि कायदा पाळणे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून ठेवता येत नाही. नोकरी सुटून तोवर पावणेदहा वर्षे लोटली होती.

त्याआधी १९६५ साली मुंबईच्याच एका औषध कंपनीचा असा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता, की अविवाहित कामगार मुलीने लग्न केले की तिची नोकरी आपोआप संपावी. दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: घर पुरुष चालवतो, स्त्रीची कमाई म्हणजे वरखर्चाला हातभार. ही समजूत कारखानदारांचीच होती असे म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात कामगाराला बायकामुलांसह जगता येईल एवढी मजुरी मागितली. ते त्या काळी मोठे धाडस होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढचा कामगार पुरुषच होता. समान कामासाठी समान वेतन हे शब्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात आले, ते १९९५ साली. आमच्या घरांतही विधवा आई आणि धाकटी भावंडे यांना पोसणाऱ्या लेडी स्टेनो होत्या. 'तिच्या पगाराने काय होणार' असे म्हणणारे त्याच पगारावर शिकले.

१९७६ चा तो कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेण्यात आला. शिफारसपत्रे मात्र आम्ही अजूनही देतो. मागे एक पदवीधर मुलगी आली. खाजगी कंपनीत निवड होत आली होती. मुलीची वागणूक, घराणे, धर्मग्रामातील सेवा, सारे नेहमीप्रमाणे लिहून झाल्यावर आम्ही विचारले, "पगार किती ठरला? आणि तुझ्याबरोबर घेतलेल्या मुलाला किती?"

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "फादर, ते विचारलं तर नोकरी कोण देईल?"