गाण्यांची ऑडिओ सीडी घरी कशी तयार करावी?

आज गाणी मोबाइलवर ऐकली जातात. तरी अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत अनेक घरांत जुना सीडी प्लेअर अजून चालू असतो. आजीच्या खोलीतला असतो, नाहीतर जुन्या गाडीतला. त्याला पेन ड्राइव्ह लावायची सोय नसते. पूर्वी सायबर कॅफेत सीडी राइट करून मिळत असे. आता हे काम घरीच करावे लागते आणि त्यात एक चूक नेहमी होते: सीडी संगणकावर वाजते, पण प्लेअर ती घेतच नाही.

असे का होते?

सीडी दोन प्रकारे लिहिता येते. डेटा सीडीत एमपीथ्रीच्या फाइल्स जशाच्या तशा उतरतात. एमपीथ्री न ओळखणाऱ्या प्लेअरला त्या वाचता येत नाहीत. ऑडिओ सीडी सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या मानकानुसार लिहिली जाते. तीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी साठवले जातात. ही सीडी साध्या प्लेअरवरही वाजते.

किती गाणी मावतात?

ऑडिओ सीडीचा हिशेब एमबीत नव्हे, मिनिटांत करावा. कोऱ्या सीडीवर ७०० एमबी आणि ८० मिनिटे असे दोन्ही आकडे छापलेले असतात. पाच मिनिटांचे एमपीथ्री गाणे सुमारे ५ एमबीचे असले, तरी ऑडिओ सीडीवर ते सुमारे ५० एमबीइतकी जागा घेते. म्हणून अशी १६च गाणी बसतात. मात्र फाइल मोठी झाली म्हणून आवाज सुधारत नाही. एमपीथ्री करताना गाळला गेलेला तपशील परत येत नाही.

कृती

१. सीडी-आर घ्यावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू कमी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे बरेच जुने प्लेअर ती वाचत नाहीत.

२. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर जोडावा. तो सीडीही लिहितो.

३. विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या आवृत्तीत ‘बर्न’ विभागात गाणी क्रमाने ओढून ठेवावीत आणि पर्यायांतून ‘ऑडिओ सीडी’ निवडावी. लिनक्सवर ब्रासेरो किंवा के-थ्री-बी वापरता येते. स्ट्रीमिंग अॅपमध्ये उतरवलेली गाणी कुलूपबंद असतात. ती अशी लिहिता येत नाहीत.

४. वेग मध्यम ठेवावा. १६ पट वेगाने ८० मिनिटांची सीडी पाच-सहा मिनिटांत होते. लिहिणे चालू असताना संगणकावर दुसरे जड काम करू नये.

५. शेवटी सीडी ‘फायनलाइझ’ म्हणजे बंद झाली पाहिजे. तसे झाले नाही तर साधा प्लेअर ती वाचत नाही.

दोन गाण्यांमध्ये सहसा दोन सेकंदांची शांतता येते. मैफलीच्या सलग ध्वनिमुद्रणासाठी किंवा नाचाच्या जोडगाण्यासाठी ‘गॅप नको’ हा पर्याय निवडावा. कार्यक्रम मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात असो की सोसायटीच्या गच्चीवर, ज्या प्लेअरवर सीडी वाजणार त्यावरच ती आदल्या दिवशी लावून पाहावी.

जपणूक

सीडी-आरवर माहिती रंगद्रव्याच्या थरात लिहिली जाते. हा थर छापील बाजूच्या लगत असतो, म्हणून त्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो. नाव सीडीसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने लिहावे. बॉलपेन आणि कागदी लेबल टाळावे. ऊन आणि मुंबईची दमट हवा या थराला मानवत नाही. सीडी डबीत, उभी, कपाटात ठेवावी.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी उचित व्यवहाराची सूट आहे. प्रती काढून विकणे त्यात बसत नाही.

सीडी हा ऐकण्याचा मार्ग आहे, जपण्याचा नव्हे. मूळ फाइल्स निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात. घरात वीस वर्षांपूर्वीची सीडी असेल, तीत कुणा वडीलधाऱ्यांचा आवाज असेल, तर ती वाचता येते आहे तोवरच संगणकावर उतरवून घ्यावी.