थोरला राजवाडा ते मिलिंदनगर

सोलापुरात पाहुणा आला की आपण त्याला सिद्धेश्वराचं तळं दाखवतो, भुईकोट किल्ला दाखवतो, जाताना चादर घेऊन देतो. बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरात मात्र फारसं कुणी नेत नाही. जुन्या माणसांच्या तोंडी ही वस्ती अजूनही ‘थोरला राजवाडा’ आहे. परगावच्या माणसाला वाटेल, इथे कुणा राजाचा वाडा असेल. आपल्या भागात राजवाडा म्हणजे पूर्वीचा महारवाडा, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही.

याच वस्तीत प्रेरणाभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी इथे जतन केल्या आहेत. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला इथे मोठी गर्दी होते. मी मुद्दाम आडवारी, दुपारच्या वेळी गेलो. चपला बाहेर काढल्या आणि बुद्धमूर्तीसमोर बसलो. पेठेतला गलबला मागे राहिला होता. तिथे बसल्या बसल्या मनात आलं, या वस्तीला मिलिंदाचंच नाव का?

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाशी झालेला त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. नागसेनानं आधीच अट घातली होती. बोलणं विद्वानांसारखं होणार असेल तर बोलू, राजासारखं होणार असेल तर नको. कारण विद्वान वादात हरला तरी रागावत नाही, राजा शिक्षा देतो. मिलिंदानं राजेपण बाजूला ठेवलं आणि प्रश्न विचारले. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयालाही पुढे हेच नाव मिळालं. राजा नसलेल्या राजवाड्याला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव लाभलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाबासाहेब सोलापूरला नवखे नव्हते. १९३८ च्या जानेवारीत इथल्या नगरपालिकेनं त्यांना मानपत्र दिलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली, अनुयायांना दिली आणि पुरत्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. पुढची वाट ज्यांनी धरली, ती अशा वस्त्यांमधली साधी माणसं होती. आषाढ ते आश्विन या वर्षावासात गावोगावच्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, तो त्यांच्यामुळे.

श्रोतेहो, आपल्या मुलखाला बुद्ध काही १९५६ साली प्रथम भेटला नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं तेर पाहा. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तिथून भडोचला जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. तेरच्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागच्या बाजूनं अर्धगोल आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. आज तिथे विष्णूची पूजा होते, आणि त्या पूजेमुळेच ती वास्तू टिकली असावी.

पण तिथे बसून प्रार्थना करणारी माणसं कोण होती, ती यायची कधी थांबली, हे विटा सांगत नाहीत. लिहून ठेवलं नाही की असं होतं.

मिलिंदनगराचं तसं होऊ नये. १९५६ साली जे ऐन विशीत होते, ते आज नव्वदीच्या आसपास किंवा त्याही पुढे आहेत. दीक्षा घेऊन घरी आल्यावर देव्हाऱ्याचं काय केलं? थोरली माणसं काय म्हणाली? पहिली वंदना कुणी शिकवली? ही उत्तरं सरकारी दप्तरात सापडायची नाहीत. ती त्या आजी-आजोबांपाशी आहेत. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं. मिलिंदासारखे प्रश्न विचारावेत आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत.