नाक, काथ आणि श्वास

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापली. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले होते. तयारी साधी, पण विलक्षण नेमकी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून पाहायचा, तोच सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. भुवयांमधली चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली ठेवून कातडे सोडवायचे, पिळून खाली आणायचे आणि काथ लावलेल्या चिंध्यांनी कडा चिकटवायच्या. काथ खैराचा. मग पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. या बारीक वर्णनात भुलीचा शब्दही नाही.

यावरून कोणी म्हणेल, भुलीवाचून अडत नव्हते. मला उलटे वाटते. काम वरच्या कातडीपुरते होते आणि रोगी जागा होता, म्हणून घशात उतरलेले रक्त तो स्वतः थुंकू शकत होता. वेदना त्याने सोसली, श्वासही त्यानेच सांभाळला. १८१४ मध्ये लंडनला शल्यवैद्य जोसेफ कार्प्यूने हीच रीत वापरली, तीही भुलीविनाच. १८४६ मध्ये ईथर आणि पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले, तेव्हा वेदना गेली. पण औषधाचा रुमाल धरायचा नेमका नाकातोंडावर, आणि बेशुद्ध माणसाचे रक्त श्वासनलिकेत जाण्याची धास्ती. सुश्रुतसंहितेत शस्त्रापूर्वी रोग्याला जेवू घालावे, पिणाऱ्याला मद्य द्यावे असे सांगितले आहे, हे खरे. पण मद्याने वेदना बोथट होते, श्वासाची वाट राखली जात नाही. आणि तोंडाच्या रोगांत उपाशीपोटीच शस्त्र चालवावे, हेही त्याच ग्रंथात आहे.

कोंडी फुटली ती दोन बाजूंनी. १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि त्याच औषधाने जागेपणी नाकाच्या आत काम करण्याचीही सोय झाली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या सिडकपच्या इस्पितळात, जखमी सैनिकांचे चेहरे पुन्हा घडवताना, मॅगिल आणि रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालण्याची पद्धत पक्की केली. आज धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून धुळ्याला नाकाचा वाकडा पडदा सरळ करून घ्यायला जाणाऱ्याला सहा तास आधी जेवण बंद करायला सांगतात. पूर्ण भूल द्यायची की नुसती जागा बधिर करायची, हे ठरवताना भूलतज्ज्ञ आधी विचार करतो तो रक्त कुठे उतरेल याचा.