मागेल त्याला काम : एका अर्जाची कुळकथा

रोजगार हमीच्या कामाची मागणी ज्या कागदावर करायची, त्याला महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘नमुना नंबर चार’ म्हणतात. नाव, गाव, कधीपासून कधीपर्यंत काम हवं, सही किंवा अंगठा. एवढंच. उत्पन्नाचा दाखला नको, शिफारस नको, गरिबीचा पुरावा नको. अर्ज घेतल्याची पोच नमुना पाचवर मिळते आणि तिथून पंधरा दिवसांत काम देण्याचं बंधन सरकारवर येतं. नाही दिलं तर बेकारभत्ता. सरकारी सेवांत नवं काही आणायचं म्हटलं की आज बोलणं ॲप आणि पोर्टलपासून सुरू होतं. मला मात्र या साध्या कागदाइतकी मोठी नवी कल्पना आपल्या राज्यकारभारात दुसरी दिसत नाही.

त्याचं मूळ शोधत गेलं की आधी दुष्काळ लागतात. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारनं खडी फोडण्याची, तलावांची कामं काढली, आणि सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इथवर खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी ती नाकारली, कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात, गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ‘फॅमिन कोड’ आले. दुष्काळात सरकारनं काय करायचं हे प्रथमच नियमांत लिहिलं गेलं, ही त्यातली मोठी गोष्ट. पण दुष्काळ आहे की नाही हे ठरवायचं कलेक्टरनं. कामाची जागाही बऱ्याचदा मुद्दाम लांब आणि मजुरी जेमतेम, म्हणजे अगदी अन्नाला मोताद झालेलाच तिथवर येईल. भुकेल्या माणसाची परीक्षा घेणारी ती व्यवस्था होती.

१८९६ च्या दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते या कोडातल्या तरतुदी मराठीत छापून शेतकऱ्यांपर्यंत घेऊन गेले. सरकारच्याच नियमानुसार तुम्हाला शेतसाऱ्यात सूट मिळायला हवी, काम मिळायला हवं, हे त्यांना सांगू लागले. १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. राज्यकर्त्यांना लोकांनी सरकारी नियम वाचणं इतकं झोंबलं. नमुना चारच्या वंशावळीत मी त्या पत्रकांना मानाचं स्थान देतो.

यानंतर कथा येते सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात. वि. स. पागे हे तिथल्या विसापूरचे. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, आणि १९६० ते १९७८ अशी सलग वर्षं महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. सभापतीकडे खातं नसतं, निधी नसतो, हुकूम सोडण्याचा अधिकार नसतो. पण त्यांना एक प्रश्न सुटत नव्हता : ज्याच्या अंगात काम करण्याची ताकद आहे आणि ज्याला काम हवं आहे, त्याला सरकार वर्षभर, दुष्काळ असो वा नसो, काम देऊ शकेल का? ठरावीक रक्कम हातात आली तर आपल्या शेतीत किती माणसांना किती दिवस काम देता येईल, या पत्नीशी झालेल्या बोलण्यातून हा विचार पक्का झाला, अशी आठवण सांगितली जाते. कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली.

मला यातला पुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाईकांच्या सरकारनं कल्पना समितीकडे सोपवून मोकळं होणं पसंत केलं नाही आणि एकदम राज्यभर योजना जाहीरही केली नाही. १९६५ च्या सुमारास तासगाव भागात ती करून पाहायला दिली. आक्षेप साधा होता आणि खराही होता : मागेल त्याला काम म्हटलं तर अख्खा गाव लोटेल, पैसा कुठून आणणार? याचं उत्तर मंत्रालयातल्या टिपणीवर मिळण्यासारखं नव्हतं. ते बांधावरच मिळणार होतं. उन्हात टिकाव मारायचा आणि केलेल्या कामाच्या मापानं मजुरी घ्यायची, म्हटल्यावर ज्याला खरोखर गरज आहे तोच येतो. गरीब कोण हे ठरवायला तलाठी लागत नाही. दाखल्यांवर चालणाऱ्या आपल्या प्रशासनात हे केवढं धाडस होतं!

१९७२ मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली आणि त्याच वर्षी दुष्काळ कोसळला. हमी बाजूला राहिली आणि पुन्हा दुष्काळी कामं सुरू झाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात, म्हणजे दर दहा माणसांत एक जण खडी फोडत होता किंवा पाझर तलावाची माती वाहत होता. रेशनवर मिलो ज्वारी, पोरांना सुकडीचा खाऊ. त्या पिढीच्या बायकांनी डोक्यावर घमेली वाहून राज्य जगवलं, असं मी शब्दशः म्हणेन. पाऊस आल्यावर कामं बंद होणार म्हणताच डाव्या पक्षांचे, समाजवाद्यांचे, मजूर संघटनांचे मोर्चे निघाले. महिनोन्महिने रोज हजेरीपटावर नाव लागलेल्या माणसाला पुन्हा कुणाच्या दयेवर जायचं नव्हतं. १९७४ मध्ये योजना परत आली.

पैशाचं उत्तरही धीटपणे शोधलं गेलं. १९७५ च्या कायद्यानं व्यवसाय कर लावला. मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून कापलेली रक्कम खेड्यातल्या मजुरासाठी. वाहन, विक्रीकर, बागायत जमीन यांवरही आकार बसवले, आणि करांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या बाजूनं घालायची, असा स्वतंत्र निधी उभा राहिला. मंत्री बदलला, अंदाजपत्रकाची ओढाताण झाली, तरी हमीला हात लागू नये, हा त्यामागचा विचार. आजही पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात. त्यांचा जन्म कशासाठी झाला, हे फार थोड्या नोकरदारांना ठाऊक आहे. ते शाळेत शिकवायला हवं.

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा मुख्यमंत्री सांगलीचेच वसंतदादा पाटील होते. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिलेला होता, कोर्टात मागता न येणारा. इथे तो अर्ज करून मागता येऊ लागला. कलेक्टरनं दुष्काळ जाहीर करण्याची वाट पाहायची गरज उरली नाही. काम सुरू होण्याची पहिली हालचाल मजुराच्या हातात आली.

म्हणूनच पुढची सारी झुंज त्या हालचालीभोवती झाली. अर्ज घ्यायचा पण तारीख टाकायची नाही, पोच द्यायची नाही, मग वर कळवायचं की मागणीच नाही. खोटे हजेरीपट, मापात मारलेली मजुरी, हेही घडलं. नुसते खड्डे खणण्याची कामं, ही टीका झाली आणि ती काही ठिकाणी रास्त होती. तिला १९९० मध्ये चांगलं उत्तर मिळालं : शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. कोकणातला आंबा-काजू, कोरडवाहू भागातलं डाळिंब आणि बोर यांच्या विस्ताराला त्यातून मोठा हात मिळाला.

२००५ मध्ये संसदेनं देशासाठी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ ला आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात बंडलापल्ली इथे तो २०० जिल्ह्यांसाठी सुरू झाला. मागणी, पंधरा दिवस, बेकारभत्ता, ही चौकट महाराष्ट्राचीच. फरक एका ठिकाणी होता. दिल्लीनं हमी दिली कुटुंबाला, वर्षात शंभर दिवसांची. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांना मर्यादा नव्हती. दोन्ही कायद्यांची सांगड घालताना राज्यानं आपली हमी सोडली नाही : शंभर दिवसांपर्यंतचं काम केंद्राच्या योजनेतून, आणि त्यापुढेही कुणी काम मागितलं तर त्याचा खर्च राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून करायचा, असं तेव्हा ठरलं.