देवीची तलवार, वीराचा हात

कुडाळहून नेरूरपारावरून मालवणला निघाले म्हणजे वाटेत धामापूर लागते. डोंगरांच्या कुशीत अडवलेले विस्तीर्ण तळे, काठाशी भगवतीचे देऊळ आणि देवळापासून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या श्रमाने १५३० साली हे तळे बांधले, हा झाला इतिहास. गावाला मात्र याहून दुसरीच हकीकत अधिक प्रिय. पूर्वी कोणाच्या घरी लग्न निघाले आणि अंगावर घालायला सोने नसले, म्हणजे हव्या त्या दागिन्यांच्या आकाराची फुले गुंफून परडीत ठेवायची नि परडी तळ्यात सोडायची. देवीच्या कृपेने परडी खऱ्या दागिन्यांनी भरून वर यायची. कार्य उरकले की दागिने जसेच्या तसे परत. पुढे कोणी एकाने ते परत केले नाहीत आणि देवीने हात आखडला.

या कथेतली मला आवडणारी गोष्ट अशी की देवी दागिने देते, लग्न जुळवून देत नाही. वर शोधायचा तो बापानेच, मांडव घालायचा तो भावकीने, आणि घेतलेले परत करायची दानतही ज्याची त्याने दाखवायची. आमची आजी म्हणायची, “देवी देता रे, पण उचलूक हात तुझोच होयो.” पुढे होमरचे ‘इलियड’ वाचताना आजीचे हे वाक्य मला वारंवार आठवत राहिले.

या ग्रीक महाकाव्याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. सारे देवच करतात, मग अकिलीजचा पराक्रम तो कसला? तक्रार वरवर रास्त वाटते. पंधरा हजारांहून अधिक ओळींच्या या काव्यात देव पानोपानी रणात उतरतात, कोणाचा भाला चुकवतात, कोणाला धुक्यात लपवून पळवतात. पण जरा निरखून पाहावे. पहिल्याच सर्गात भर सभेत अपमान झालेला अकिलीज तलवार उपसू लागतो. तोच अथीना देवी मागून येऊन त्याचे केस धरते. ती इतर कोणालाही दिसत नाही. ती त्याला तलवार म्यान करायला सांगते खरी, पण ऐकणार असलास तर, असे म्हणून सांगते! केस धरण्याइतकी जवळ आलेली देवी निर्णय मात्र त्याच्यावर सोपवते. तो ऐकतो, म्हणून पुढचे काव्य घडते.

उलट पॅरिसचे पाहा. मेनेलाउस त्याला शिरस्त्राणाला धरून फरफटत नेत असता अ‍ॅफ्रोडाइटी त्याचा पट्टा तोडते आणि धुक्यात गुंडाळून त्याला थेट शयनगृहात नेऊन ठेवते. प्राण वाचले, पण पुढे काय? खुद्द हेलनच त्याला टोचून बोलते. आपले काही न घालता मिळालेल्या दैवी मदतीने माणूस जगतो, मोठा होत नाही, हे होमरला पुरते ठाऊक होते.

आणि देवांच्या शक्तीलाही मर्यादा आहेच. झ्यूसचा स्वतःचा पुत्र सार्पेडन पात्रोक्लसच्या हातून मरायला निघतो, तेव्हा देवाधिदेवाच्या मनात त्याला उचलून न्यावे असे येते. हीरा बजावते, तू आज असे केलेस तर उद्या प्रत्येक देव आपापल्या लेकराला रणातून नेऊ लागेल. झ्यूस रक्ताचे थेंब पृथ्वीवर शिंपडतो आणि गप्प राहतो. याच सार्पेडनने आधी आपल्या सोबत्याला सांगितले होते की आपण अमर असतो तर मी लढलो नसतो आणि तुलाही लढायला लावले नसते, पण मरण टळत नाही म्हणून पुढे चला. देवाच्या मुलाने असे म्हणावे, यात सारे आले.

हे वाचताना मन आपोआप प्रतापगडाकडे वळते. आपल्याकडेही वीराच्या पाठीशी देवी उभी आहे, आणि तिच्यावरून वादही तसाच आहे. एका बाजूला सारे श्रेय भवानीला देणारे भाविक, दुसऱ्या बाजूला भवानीचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालणारे चिकित्सक. मला वाटते, दोघांनीही सभासदाची बखर पुरती ऐकून घेतलेली नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिली. अफजलखान चालून आला तेव्हा तुळजापूरच्या भवानीने महाराजांना दर्शन देऊन यशाचा भरवसा दिला, असे तो लिहितो. महाराज जागे झाले, मातुश्रींना बोलावले, कारभाऱ्यांना स्वप्न सांगितले. कारभारी काही एकदम निश्चिंत झाले नाहीत. काम कठीण, सिद्धीस न गेले तर कसे, अशी त्यांची शंका. आणि खुद्द महाराज? जय झाला तर उत्तम, प्राण गेला तरी कीर्ती आहे, असे म्हणून ते पुढची तजवीज लावतात. आपण पडलोच तर संभाजीराजांना राज्य देऊन त्यांच्या आज्ञेत राहावे, असे बजावतात. संभाजीराजे तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे, आणि त्यांच्या मातोश्री सईबाई त्याच वर्षी, १६५९ च्या सप्टेंबरात, निवर्तलेल्या!

देवीने विजयाचे वचन दिले असता हा माणूस आपल्या मरणाची व्यवस्था करून निघतो. याला अश्रद्धा म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. ज्याला देवीवर सारा भार टाकून निजायचे असते, तो असे करीत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेटीच्या शामियान्यात सभासदाने भवानीला प्रकट केलेले नाही. तिथे तो लिहितो ते जरीच्या कुडतीचे, बिचव्याचे, वाघनखाचे आणि पाठीशी असलेल्या जिवा महालाचे. खानाची कट्यार कुडतीवर खरखरते आणि अंगाला लागत नाही. होमर असता तर इथे एखादी देवी मध्ये हात घालून गेली असती.

महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य रचले. त्यात देवी महाराजांच्या तलवारीत वास करते. भवानी तलवार म्हणतात तिचे एक मूळ तर आमच्या कुडाळ प्रांताशी जोडलेले आहे. सावंतांच्या हाती आलेली एक उत्तम फिरंगी तलवार महाराजांनी ३०० होन देऊन घेतली आणि तिलाच भवानी नाव दिले, अशी परंपरा आहे. देवीने दिलेली तलवार आणि रोकडा मोजून घेतलेली तलवार या दोन गोष्टी जुन्या लोकांना परस्परविरुद्ध वाटल्या नाहीत. मलाही वाटत नाहीत.

होमरच्या देवांशी मात्र माझे एका बाबतीत जमत नाही. हेक्टरच्या शेवटच्या लढाईत अथीना त्याच्या भावाचे, डीफोबसचे, रूप घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते. हेक्टर भाला फेकतो, तो अकिलीजच्या ढालीवरून उडतो. दुसरा भाला मागायला तो वळतो, तर शेजारी कोणीच नाही. आमच्या दशावतारात असा कपटी देव आला असता तर प्रेक्षकांनी पहाटेपर्यंत त्याला बोल लावले असते! पण त्या क्षणी हेक्टर कळून चुकतो की देवांनी आपल्याला मरणाकडे बोलावले आहे, आणि तरीही तलवार उपसून धावून जातो. अकिलीजच्या बाजूला देवी आहे, हेक्टरच्या बाजूला कोणीही नाही. कवी स्वतः ग्रीक, तरी वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात ते शत्रूसाठी.

ग्रीक लोक आपल्या वीरांच्या थडग्यांपाशी पूजा करीत, नैवेद्य दाखवीत. आपल्याला त्यासाठी दूर जायला नको. धामापुराहून मालवणला उतरावे आणि होडीत बसावे. महाराजांनी १६६४ साली पाया घातलेल्या सिंधुदुर्गात राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. ज्याने देवीपुढे मस्तक टेकले, तोच इथे गाभाऱ्यात बसला आहे. दाढी नसलेली ती मूर्ती पाहून नवखे माणूस जरा गोंधळते. दर्शन झाले की लोक तटावरच्या छोट्या घुमटीकडे वळतात. तिथे चुन्यात उमटलेला एक पंजा आहे, महाराजांचा म्हणून दाखवतात. लहान मुले आपला हात उघडून त्याच्याशी ताडून पाहतात, आणि होडीवाला हाक मारीपर्यंत तिथून हलत नाहीत.