चांदा, चंद्रपूर आणि संगणकाचे आकडे

चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. शाळेची जुनी नोंदवही चाळणारा शिक्षक 'चांदा' वाचून समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. 'चंद्रपूर', 'चन्द्रपूर' आणि 'चंद्रपुर' ही त्याच्या लेखी तीन गावे. हा दोष आपल्या लेखनाचा म्हणू. पण पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्दही तो वेगळे ठरवतो. नाव यादीत असते, शोधात मात्र सापडत नाही, आणि मुलाचा दाखला अडतो.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. १९९०च्या दशकात कचेऱ्यांतले मराठी बहुधा इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकार चढवून लिहिले जाई. अर्धा 'च' एका आकड्यावर, काना दुसऱ्यावर. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी! वास्तविक 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर बेतलेली आहे.

तरीही प्रश्न उरलेच. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला ऱ नुक्ता असलेल्या 'र'ने लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दुसरी रीत युनिकोडच्या १९९६च्या आवृत्तीतली, आजही चालते. नेहमीच्या सामान्यीकरणाने ही दोन रूपे एक होत नाहीत. जोडचिन्ह नुसते पुसून टाकावे, तर डोंगरातल्या दऱ्यांचा 'दर्या' म्हणजे समुद्र होतो! म्हणून साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, दुसरे रूप पहिल्यात बदलून घेणे हाच आम्हांला खात्रीचा उपाय वाटतो. 'ॲ'ला स्वतंत्र आकडा २००८ मध्ये मिळाला, त्यापूर्वीचे 'ॲड.' अ आणि चंद्र जोडून लिहिलेले, तेही वेगळेच भरते.

क्रमवारीची गोष्ट निराळी. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. आकड्यांच्या क्रमाने लावले तर 'क्षीरसागर' 'ख'च्या आधी जाऊन बसतात. हजेरीपटात ते शेवटी हवे असतील, तर मराठीची क्रमवारी मुद्दाम निवडावी लागते.

सर्वांत मोठा घोळ साठवणुकीत होतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'चंद्रपूर' म्हणजे ८ चिन्हे, २४ बाइट. योगायोगाने 'गडचिरोली'ही तितकेच. मायएसक्यूएल या प्रणालीत २०१८च्या आठव्या आवृत्तीपर्यंत न सांगता गृहीत धरलेली लिपी लॅटिन होती. ती २४ बाइटांना २४ स्वतंत्र अक्षरे समजे. अशा वेळी आधी साठवलेले आकडेच उघडून पाहावेत. विचित्र युरोपीय अक्षरे दिसली, तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि मजकूर परत मिळतो. आकड्यांतच प्रश्नचिन्हे साठली असतील, तर मजकूर गेला; कागदावरून पुन्हा भरणे आले.

याच प्रणालीतील जुन्या 'यूटीएफ-८' प्रकारात एका चिन्हाला ३ बाइटांपर्यंतच जागा होती. मराठीला ती पुरली. गोंडीच्या मसराम लिपीला युनिकोडमध्ये २०१७ साली, तर गुंजाला लिपीला २०१८ साली स्थान मिळाले. त्यांच्या प्रत्येक अक्षराला ४ बाइट लागतात. म्हणजे त्या प्रकारची जुनी यादी अजून कुठे चालू असेल, तर तिच्यात 'चंद्रपूर' मावते, पण गोंडी लिपीतले एक अक्षरही मावत नाही.