सवाल गेला कुठे? हंसा वाडकर, ‘सांगत्ये ऐका’ आणि गाळलेले प्रश्न

आजचा धागा एका अशा आत्मकथनाविषयी आहे, जे लिहिले गेले नाही, सांगितले गेले. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

साठच्या दशकात श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’मध्ये अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. शब्दांकन अरुण साधू यांचे होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांचे लेखक म्हणून ते महाराष्ट्राला पुढे माहीत झाले. त्या वेळी ते पंचविशीच्या आसपासचे पत्रकार होते. हंसाबाईंनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती, पण त्यांच्या पाठीशी चित्रपटसृष्टीतील जवळपास तीस वर्षे जमा होती. १९७० मध्ये या आठवणींचे पुस्तक झाले. नाव ‘सांगत्ये ऐका’.

पुस्तक उघडले की प्रथमपुरुषी, अखंड कथन सुरू होते. प्रश्न कोठेही नाहीत. परंतु तरुण पत्रकारासमोर बसून कोणीही आपले आयुष्य असे एका दमात उलगडत नसते. मध्ये विचारले जाते, अडवले जाते, ‘मग पुढे काय झाले?’ असे म्हटले जाते. मुलाखतीत हे सारे असते. शब्दांकनात ते पुसले जाते. म्हणून अशा पुस्तकाकडे इतिहासाच्या वाचकाने उत्तरपत्रिका म्हणून पाहावे आणि तिची प्रश्नपत्रिका शोधावी, असे माझे मत आहे. उत्तर कोणत्या प्रश्नाला दिले आहे हे कळल्याशिवाय ते पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे असते.

प्रथम पुस्तकाच्या नावाविषयी. ते नाव मूळचे चित्रपटाचे. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला, पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षे चालला आणि मराठीत तमाशापटांची जी लाट आली तिला त्याने बळ दिले. त्यात जयश्री गडकर होत्या आणि हंसाबाईही होत्या. पण त्यांचे नाव तमाशाशी जोडले गेले ते त्याआधी, १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’मुळे. राजकमलचा हा चित्रपट बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला, लेखन गदिमांचे होते. शाहिराच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयाच्या भूमिकेत हंसा वाडकर.

या चित्रपटातील सवाल-जवाब जुन्या प्रेक्षकांच्या आजही स्मरणात आहेत. तमाशात एक फड सवाल घालतो, कोडे घालतो. दुसरा ते गाऊन सोडवतो. समोर बसलेल्या माणसाने सवालच ऐकला नसेल, तर जवाबाला टाळी कशाची? पडद्यावर सवाल-जवाब रंगवणाऱ्या या बाईंचे आयुष्य पुस्तकात मात्र केवळ जवाब होऊन आले.

प्रेक्षकांना नटनट्यांविषयी प्रश्न नव्हते असे मुळीच नाही. मुंबईहून १९३५ पासून निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकात वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणारे सदर अतिशय लोकप्रिय होते. प्रश्न नट्यांविषयी असत. उत्तरे मात्र संपादक बाबूराव पटेल देत आणि ती बोचरी, कित्येकदा ओंगळ असत. ज्या बाईविषयी विचारले, तिने उत्तर द्यावे अशी सोय त्या सदरात नव्हती. चाहता विचारणार, संपादक सांगणार, नटी छायाचित्रात हसणार.

रंगभूमीवरील पुरुषांची आत्मचरित्रे तोवर प्रतिष्ठित झाली होती. गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही त्यांतील ठळक नावे. ‘बहुरूपी’ला तर १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही पुस्तके नाटकमंडळ्यांच्या इतिहासाची अमूल्य साधने आहेत. मंडळी कशी उभी राहिली, कशी फुटली, कोणती भूमिका कोणी अजरामर केली, हे त्यांत सापडते. तेथे वाचकाचा गृहीत प्रश्न असतो : ‘आपण कला कशी साधलीत?’ नटीला हा प्रश्न क्वचितच विचारला जाई. तिला विचारले जाई, ‘तू येथे आलीस कशी?’

एका नटीने हा प्रश्न हिसकावून घेतला आणि तो स्वतःच्या पुस्तकाचे नाव म्हणून छापला. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या विशीत होत्या, ‘कुंकू’मुळे घराघरांत पोहोचल्या होत्या, आणि वर्षभरापूर्वीच, १९३९ मध्ये, त्यांनी पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले होते. कंपनीशी असलेला वाद त्यांनी रस्त्यावर आणला होता. त्यामुळे हे पुस्तक पडद्यावर येऊ पाहणाऱ्या मुलींना ‘या’ किंवा ‘येऊ नका’ एवढेच सांगून थांबत नाही. स्टुडिओ ही कामाची जागा आहे, तेथे शरीर थकते आणि त्या थकण्यातून कोणीतरी पैसा मिळवतो, हे ते सांगते. १९४० मध्ये मराठीत असे लिहिणे सोपे नव्हते. आज हे पुस्तक फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते.

हंसाबाईंचे सांगणे या पार्श्वभूमीवर वाचायला हवे.

त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. घराण्याची मुळे सावंतवाडीकडील कलावंतिणींच्या परंपरेत होती. ही परंपरा त्या काळात दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडली होती. एकीकडे गोमंतक आणि कोकणातील समाजसुधारणेची चळवळ या घरांतील मुलींनी लग्न करून संसाराला लागावे, असा आग्रह धरत होती; १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवाला मुली वाहणे बेकायदा ठरवले होते आणि अशा स्त्रियांच्या विवाहाला मान्यता दिली होती. दुसरीकडे गाणे-नाचणे ही या घरांतील स्त्रियांची शेकडो वर्षांची कमाई होती आणि तिची जागा घेणारे दुसरे काही हाती नव्हते. अशा घरात पैशाची चणचण निर्माण झाली, तेव्हा बारा-तेरा वर्षांची रतन १९३६ मध्ये ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात उभी राहिली. पडद्यावर साळगावकर हे नाव आले नाही. आले ते हंसा वाडकर.

पुढची वाटचाल कोणालाही हेवा वाटावा अशी. १९३९ मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’, १९४१ मध्ये प्रभातचा ‘संत सखू’, मग ‘रामजोशी’. संत आणि तमासगीर या दोन्ही भूमिकांत त्याच प्रेक्षकाने त्यांना स्वीकारले. मराठी प्रेक्षकाच्या मनात या दोन स्त्रिया एकमेकींपासून किती दूर असतात, हे लक्षात घेतले म्हणजे यातील नवल कळेल.

आता कथनातील तीन जागा पाहू आणि तेथे कोणता प्रश्न आला असेल याचा तर्क करू. तर्क माझा आहे, चुकू शकतो.

पहिली जागा लग्नाची. वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाशी त्यांचे लग्न लहानपणीच झाले. त्यांना काम सोडून घर सांभाळायचे होते. ते झाले नाही, चित्रपट करावेच लागले. येथे विचारणाऱ्याचा प्रश्न बहुधा ‘संसार का मोडला?’ असा असावा, कारण उत्तर भांडणांभोवती, संशयाभोवती आणि दारूभोवती फिरते. पण त्याच मजकुराला दुसरा प्रश्न विचारून पाहा : ‘तुमच्या कमाईवर हक्क कोणाचा होता?’ उत्तराचा अर्थ पालटतो. आधी आईवडिलांचे घर, नंतर नवऱ्याचे घर, दोन्ही या मुलीच्या मेहनतान्यावर चालत होती. ज्या सुधारणेने लग्न हा सुटकेचा मार्ग मानला, त्या लग्नातही ती कमावतीच राहिली. फक्त पैसा घेणारा हात बदलला.

दुसरी जागा मराठवाड्याची. एका पुरुषासोबत त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीन वर्षे एका खेड्यातील वाड्यात राहिल्या. तेथे त्याचे कुटुंब आधीच होते, बाहेर पडण्याची मुभा नव्हती. पडद्यावर हजारोंनी पाहिलेली बाई गोषात राहत होती. वाचकांना येथे सनसनाटी दिसली. मला मात्र येथे कथनाचा स्वर शांत झाल्याचे जाणवते. घरकाम, मुले, सासू, सण यांविषयी त्या ज्या आपुलकीने बोलतात, त्यावरून वाटते की ‘तेथे तुमचा छळ झाला ना?’ या अपेक्षेने विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी अपेक्षित उत्तर दिले नसावे. कैद होती आणि आयुष्यभर हवे असलेले घरही तेथेच होते. दोन्ही खरे असू शकते, आणि कथनकर्तीने त्यांतील एकही गाळले नाही.

तिसरी जागा म्हणजे जेथे प्रश्नच आला नसावा असे वाटते. आपल्या अभिनयाविषयी, नृत्याविषयी, भूमिका कशी बसवली याविषयी त्या तुलनेने फार थोडे बोलतात. बोडसांना आणि कोल्हटकरांना हे विचारण्याची गरज नव्हती, ते आपणहून सांगत. ‘संत सखू’ उभी करणाऱ्या नटीला हे कोणीतरी खोदून विचारायला हवे होते. मराठी चित्रपटाच्या इतिहासातील ही पोकळी आता भरून येणार नाही, कारण पुस्तक आल्यानंतर थोड्याच काळात, पन्नाशीही गाठण्याआधी, हंसाबाई गेल्या.

१९८२ मध्ये ‘मी, दुर्गा खोटे’ आले. दुर्गाबाई सॉलिसिटरच्या कन्या, सुखवस्तू घरातील, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधील तारामती. त्यांनाही तोच प्रश्न आयुष्यभर पुरला, फक्त उलट्या टोकाने : ‘एवढ्या चांगल्या घरातील तुम्ही, सिनेमात कशा?’ त्यांनी स्वतः लिहिले, त्यामुळे कोणत्या प्रश्नाला किती जागा द्यायची हे त्यांच्या हाती राहिले. लिहिणे आणि सांगणे यांतील हा फरक शैलीपुरता नाही. तो शिक्षणाचा, वर्गाचा आणि जातीचाही आहे.

हंसाबाईंच्या उत्तरांवर पुढे इतरांनी आपापले प्रश्न बसवले. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ चा. गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे पटकथेत सहभागी होते. पटकथेला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. (बोडसांच्या पुस्तकाच्या नावातही तोच शब्द आहे, पण तेथे ‘माझी’ आहे.) या चित्रपटाचा प्रश्न सत्तरच्या दशकाचा होता : स्त्रीला स्वतःचे असे काही मिळू शकते का? म्हणून नायिका शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. चित्रपट मला फार आवडतो. तरी ‘भूमिका’ पाहिली म्हणजे ‘सांगत्ये ऐका’ वाचले, असे मानू नका. पुस्तकातील बाई अधिक हसते, अधिक चिडते आणि स्वतःला फारशी माफीही देत नाही.

२०१३ मध्ये इंग्रजी अनुवाद आला. जसबीर जैन आणि शोभा शिंदे या अनुवादकांनी नाव ठेवले ‘यू आस्क, आय टेल’, म्हणजे ‘तुम्ही विचारा, मी सांगते’. मूळ नावात विचारणारा कोठेच नव्हता. तेथे भरल्या सभेला उद्देशून ‘ऐका’ असा हुकूम होता. शिवाय ‘सांगत्ये’ हे रूप उच्चारताच बोलणारी बाई आहे हे कळते. इंग्रजी क्रियापदाला ते साधत नाही. एक गोष्ट हरवली आणि दुसरी, गाळलेली, परत आली.

प्रश्न न गाळता असे काही करता येते का, हे पाहायचे असेल तर रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ हा माहितीपट शोधून पाहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलेल्या कमलाबाई गोखले त्यात नव्वदीच्या घरात आहेत, पुण्यातील आपल्या घरी. कॅमेऱ्यामागून प्रश्न ऐकू येतात. कमलाबाई काहींना उत्तर देतात, काही उडवून लावतात आणि मध्येच विचारणाऱ्यांनाच दरडावतात.